डेड स्टॉकमधला जोड

माझ्या मुलाच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. खोलीत देव्हारा नाही. भिंतीला पारदर्शक पेट्यांची उतरंड आहे आणि प्रत्येक पेटीत एकेक जोड बूट. चपलांची धूळ पेट्यांत जाते म्हणे. बुटांना धूळ लागू नये म्हणून माणसांनी अनवाणी यायचं, हे मी दोन वर्षं मुकाट सोसलं, हा माझाच गाढवपणा.

मुलगा चोवीस वर्षांचा, कापड मार्केटात एका पेढीवर कॉम्प्युटर सांभाळतो. त्याचा सगळा जीव टाचेखाली हवा भरलेल्या बुटांवर. एका रविवारी त्याने मला समोर बसवून त्यांचा इतिहासच सांगितला. आधी म्हणे हवेची पिशवी तळाच्या आत लपलेली असायची. धावणाऱ्याच्या टाचेला दणका बसू नये, एवढंच तिचं काम. पण न दिसणाऱ्या हवेवर लोकांचा विश्वास बसेना. मग कोणीतरी तळाला खिडकी पाडून हवा दाखवली आणि जग वेडं झालं. पुढे खिडकी वाढत वाढत गेली. आता काही जोडांना टाचेपासून चवड्यापर्यंत नुसती हवाच. नवा रंग आला की मोबाइलवर नाव नोंदवायचं, आपलं नाव निघालं तरच जोड मिळणार. मिळाला की पेटीत.

"मग घालतोस कधी?" मी विचारलं.

"घालायचे नसतात, मम्मी. क्रीज पडते."

चवड्यावर घडी पडते, तिला क्रीज म्हणायचं. चाललं की ती पडणारच. वर त्यानेच सांगितलं की न वापरता वर्षानुवर्षं ठेवले तर कितीतरी जोडांचे तळ आपोआप पिवळे पडून त्यांचा भुगा होतो. म्हणजे घालायचे नाहीत, आणि ठेवले तरी मरणार. टाचेसाठी केलेली वस्तू टाचेलाच शिवू द्यायची नाही, याला तो शौक म्हणतो. मी माज म्हणते.

कारण त्याच घरात एक टाच रोज ठणकत होती. माझे वडील आमच्याकडेच राहतात. तरुणपणी खानदेशातून सुरतेला आले, तेव्हापासून भेस्तानच्या लूम कारखान्यात उभे आहेत. उभे म्हणजे खरंच उभे. बारा तासांची पाळी आणि मशीनांमधून येरझारा. कुठे धागा तुटला की धावायचं. टाचेचं हाड वाढलं. डॉक्टर म्हणाले, मऊ तळाचे बूट वापरा, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, नाहीतर उभं राहणंच बंद होईल. ते बंद झालं की काम बंद, आणि काम नसलेले माझे वडील मी कधी पाहिलेले नाहीत.

आजोबांचा आणि नातवाचा नंबर एकच, नऊ. मी मुलाला म्हटलं, "यातला एक जोड दे त्यांना."

"मम्मी, आ तो डेड स्टॉक छे. एमनेम न अपाय." असा उगाच देता येत नाही म्हणे. अडचणीत आला की तो गुजरातीत शिरतो.

बूटवाल्यांच्या भाषेत डेड स्टॉक म्हणजे एकदाही पायात न घातलेला, सगळ्यात मानाचा जोड. पण आमच्या सुरतेत डेड स्टॉक म्हणजे रंग फसलेलं, फॅशन गेलेलं, गोडाउनात पडून राहिलेलं, फुकटसुद्धा कोणी न नेणारं कापड. त्या शब्दाने इथे भल्याभल्यांची झोप उडते. वडील दाराबाहेरून ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण मला वाटलं नातवाने नाही म्हटल्याचं वाईट वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा झोपेत असताना त्यांनी पेटीतून पांढरा जोड काढला आणि घातला. जाताना मला हळूच म्हणाले, "पोऱ्याना इतला माल पडेल शे, कोनीच लिधा नई. आपुनच वापरूत." नातवाचा धंदा बसला असं समजून ते त्याला हातभार लावायला निघाले होते. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मुलगा उठल्यावर त्याने जो थयथयाट केला, त्याचा मला मनापासून आनंद झाला.

दुपारी मी डबा घेऊन कारखान्यात गेले आणि तो आनंद दारातच संपला. उंबऱ्याबाहेर, भिंतीला टेकून तो पांढरा जोड ठेवलेला. वर चिंधी झाकलेली. आत वडील मशीनपुढे अनवाणी. आजूबाजूचे सगळेच कारागीर अनवाणी.

मी तशीच आत जाऊन ओरडले. खडखडाटात ओरडल्याशिवाय ऐकूही येत नाही. "आबा, बूट कशाला आणले? दाराला राखण करायला?"

त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. "मशीन लक्ष्मी शे बाई. तिन्हापुढे जोडा घालीसन उभं ऱ्हावानं?"

मी शरमून चपला काढल्या. तेवढ्यात शेठचा मुलगा फोनवर बोलत आला आणि मशीनांच्या रांगेतून सरळ पलीकडच्या केबिनमध्ये गेला. त्याच्या पायात बूट होते, टाचेला खिडकी असलेले. बारा तास उभं राहणारा अनवाणी आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या टाचेखाली हवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याला नाही का लक्ष्मी?" मी विचारलं.

वडिलांनी तुटलेला धागा जोडला, मग म्हणाले, "मशीन त्यासनं शे. लक्ष्मी आपली शे."

 माझी चीड आजही तशीच आहे. त्यांच्यावर आहे, शेठच्या पोरावर आहे, माझ्या पोरावर आहे, आणि चपला काढणाऱ्या माझ्यावरही आहे.

संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर मी चपला घालूनच त्याच्या खोलीत शिरले. मागून वडील आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. पाय उघडे, हातात तो जोड. सकाळचा थयथयाट त्यांना शेजाऱ्यांकडून कळला होता. ओल्या फडक्याने तळ पुसून ते जोड परत करायला आले होते.

"चपला काढ बाई," ते मला म्हणाले. "पोऱ्यानी लक्ष्मी शे ती."

मी काढल्या नाहीत. त्यांच्या हातातला जोड घेऊन त्यांच्या पायांपुढे ठेवला आणि म्हटलं, "या घरात मशीन नाही. घाला."

दुखरी टाच जराशी उचलून ते नातवाच्या होकाराची वाट बघत उभे राहिले. नातू त्या जोडावर पडलेली क्रीज बघत होता.