पूर्ण एक मिनिट

फोन शुक्रवारी सकाळी आला. दुबईत शुक्रवारी सकाळी भारतातून फोन आला, की कोणीतरी सवडीने गप्पा मारायला केलाय असंच आम्हाला वाटतं. आई-बाबांकडे पोहे परतत होते, हात न पुसताच मी रिसीव्हर खांद्यावर धरला. पुण्याहून ललितामावशींचे यजमान, काका, बोलत होते. "अनू, ललिता गेली गं... सकाळी चहा मागितला, मी आणेपर्यंत..."  बाबा टेबलापाशी पेपर वाचत बसले होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेपरची घडी घातली आणि कोणी मागितलेला नसताना आपला डावा हात टेबलावर उताणा ठेवला. थोडा वेळ तो तसाच राहिला, मग त्यांनी मागे घेतला. याला आता सहा आठवडे होऊन गेले. त्या हाताचं काय ते सांगायचं, तर ललितामावशींबद्दलच सांगायला हवं.

त्या आमच्या नात्याच्या कोणी नव्हत्या. अल मनखूलमधल्या बिल्डिंगमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि त्या आणि काका चौथ्या, एवढंच नातं. ऊद मेथातल्या ज्या भारतीय शाळेत मी शिकले तिथे त्या नर्स होत्या. त्याआधी, म्हणजे लग्न होऊन काकांच्या नोकरीपायी दुबईत येण्याआधी, त्या भारतात लष्कराच्या रुग्णालयांत नर्स होत्या. कॅप्टन. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फोटो होता... कडक पांढरा गणवेश, खांद्यावर तीन तारे, आणि चेहऱ्यावर आपण फोटो काढून घेतोय म्हणजे वेळ वाया घालवतोय असा भाव. शाळेत तारे नव्हते, साधा पांढरा कोट होता, पण त्याला त्या खळ घालायच्याच. कोटावर छातीशी एक छोटं घड्याळ उलटं टाचलेलं असायचं. समोरच्याला त्यात बारा वाजलेत की सहा ते कळायचं नाही. मान खाली घालून बघणाऱ्या मावशींना मात्र बरोबर दिसायचं.

नाडी त्या पूर्ण एक मिनिट मोजायच्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं त्यांना पटायचं नाही. त्या मिनिटात कोणी बोलायचं नाही, आणि बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या सिकरूममध्ये परीक्षेच्या दिवशी पोटदुखीची साथ यायची. मावशी कोणाला रागवायच्या नाहीत. मनगट हातात घ्यायच्या, मान खाली, नजर घड्याळावर. ते मिनिट फार मोठं असतं हो. चौथीतली एक मुलगी चाळीस सेकंदांतच रडायला लागलेली मी स्वतः बघितली आहे. "सिस्टर, आय डिडन्ट लर्न माय टेबल्स." मावशी म्हणाल्या, "बोललीस. आता पहिल्यापासून." आणि खरंच पहिल्यापासून मोजून, आकडा मोठ्याने सांगून, तिला वर्गात पोहोचवून आल्या. आकडा मोठ्याने सांगायचा हाही त्यांचा नियम होता. ज्याची नाडी त्याला ती कळलीच पाहिजे, असं त्या म्हणत.

शुक्रवारी सकाळी त्या बिल्डिंगमधल्या ओळखीच्या घरांतून ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन फिरायच्या. आमच्याकडे बाबांची पाळी. बाबा शारजाच्या औद्योगिक भागात ॲल्युमिनियमच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होते आणि आठवडाभर मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून त्यांना गप्प बसण्याची सवयच राहिली नव्हती. हात मावशींच्या हातात दिला की त्यांना हमखास काहीतरी आठवायचं. "काय सांगू कॅप्टनबाई, काल आमच्या फोरमनने..." "बोललात, पेठेसाहेब. आता पहिल्यापासून." एकदा तर हे चार वेळा झालं. शेवटी आईने त्यांच्या तोंडासमोर पोह्यांची बशी धरली आणि बाबा म्हणाले, "यल्ला, चला, मोजा, आता मी मेलोच समजा." मावशी हसल्या आणि म्हणून त्यांचाच आकडा चुकला.

मला नर्स व्हावंसं वाटलं ते अकरावीत. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी दुसरीतल्या एका मुलीला दम्याचा जोरदार झटका आला. बाई घाबरल्या, मुली किंचाळायला लागल्या. मैदानाच्या त्या टोकाकडून मावशी आल्या. त्या धावल्या नाहीत. भरभर चालत आल्या, मला म्हणाल्या, "अनू, हिला मागून धर, सरळ बसव," आणि त्या पोरीशी अशा बोलत राहिल्या, जणू दोघी बसची वाट बघतायत. माझे हात थरथरत होते, त्यांचे नव्हते. त्या दिवसापासून मला तसे हात हवे होते. नुसती नर्स नाही, त्यांच्यासारखी, लष्करातली, गणवेशातली. पुण्यात लष्कराच्या नर्सिंग कॉलेजात बारावीनंतर घेतात, चार वर्षं शिकवतात आणि मग खांद्यावर तारे येतात, हे मी त्यांच्याकडूनच खोदून खोदून काढून घेतलं.

घरी सांगितलं त्या दिवशी बाबा आधी हसले. मग मी हसत नाही म्हटल्यावर गंभीर झाले. डॉक्टर हो, इंजिनीअर हो, अगदीच नाही तर बीकॉम कर, पण नर्स... आपल्यात कोण करतं हे? लोक विचारतील, मुलगी काय करते, तर काय सांगायचं? हे असं दोन महिने चाललं. मी जेवणं सोडली, दारं आपटली, सतरा वर्षांच्या मुलीला जे जे येतं ते सगळं केलं. शेवटी एका शुक्रवारी मावशींनी नाडी मोजून झाल्यावर बाबांचा हात सोडलाच नाही. शांतपणे म्हणाल्या, "पेठेसाहेब, दोन वर्षांपूर्वी तुम्ही छातीत दुखतंय म्हणून ॲडमिट होतात. डॉक्टर दिवसातून किती वेळा आले?"

"दोनदा."

"आणि नर्स?"

बाबांनी हात सोडवून घेतला. पण पुढच्या बुधवारी कारखान्यातून आल्यावर बूट न काढताच त्यांनी फॉर्म मागितला आणि पालकांच्या रकान्यात सही केली.  पेन खिशाला लावून आत निघून गेले.

आता जे सांगायचं आहे ते मी दहा वर्षं कोणाला सांगितलेलं नव्हतं. सही होईपर्यंत मला कसलीच भीती वाटत नव्हती. भांडणात भीतीला जागाच नव्हती. सही झाली आणि मला एकदम ते सगळं खरं दिसायला लागलं. पुण्यातलं हॉस्टेल, पहाटेची परेड, अनोळखी माणसांच्या जखमा, आणि दुबईत आई-बाबांचं माझ्याशिवायचं जेवणाचं टेबल. मी घाबरले, सरळ सांगायचं तर गाळण उडाली. पण एवढा तमाशा केल्यावर मागे कशी फिरणार?

फॉर्म सोमवारपर्यंत पुण्यात पोहोचायला हवा होता. आमच्याकडे पोस्टापेक्षा "कोणी जातंय का?" यावर भरवसा जास्त. मावशींचे धाकटे दीर, विनायककाका, शारजात राहायचे आणि शुक्रवारी भाचीच्या लग्नाला निघाले होते. मावशींनी सगळं आखून दिलं. शनिवारी मुंबईत उतरायचं, आराम करायचा, रविवारी सकाळी पुण्याला जाऊन कॉलेजच्या ऑफिसात पाकीट द्यायचं, आणि तिथूनच संध्याकाळच्या गाडीने नागपूरला लग्नाला. सोमवारच्या आत एक दिवस हातात राहतो, असं त्या समाधानाने म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. बारा-पंधरा वर्षं शनिवार-रविवारी ऑफिसला जाणारी माणसं आम्ही. आमची सुट्टी शुक्रवारी. दर जानेवारीत भारतातून कोणीतरी मराठी कॅलेंडर आणायचं, त्यात रविवार लाल असायचे, पण आमच्या घरात त्या लाल रंगाला अर्थच उरला नव्हता. आई चतुर्थी, एकादशी तेवढ्या बघायची आणि शुक्रवारांभोवती निळ्या पेनाने गोल करायची.

गुरुवारी संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि कॅलेंडरसमोर उभी राहिले. रविवार लाल होता. भारतात रविवारी सरकारी ऑफिस बंद असतं हे मला कळायला दोन सेकंद लागले. पाकीट अजून आमच्याच टेबलावर होतं. विनायककाकांना शनिवारीच थेट पुण्याला जायला सांगता आलं असतं, एका फोनचं काम होतं. मी पेला विसळून पालथा घातला आणि अभ्यासाला बसले. शुक्रवारी विनायककाका पाकीट घेऊन गेले तेव्हा मी त्यांना हसून अच्छादेखील केला.

रविवारी फाटकावरच्या जवानाने त्यांना सांगितलं, आज छुट्टी है, कल आइए. त्यांची संध्याकाळची नागपूरची गाडी होती. त्यांनी पाकीट कोणा ओळखीच्याकडे दिलं, ते पोहोचलं बुधवारी. खलास. बातमी आली तेव्हा मावशी खाली आमच्याकडे आल्या आणि दारातच बाबांना म्हणाल्या, चूक माझी. तुमची सही मी वाया घालवली. मी रडत होते आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे कोणाला पटो न पटो. मावशी माझ्याजवळ बसल्या, माझं मनगट हातात घेऊन म्हणाल्या, "मी कॅलेंडर बघायला हवं होतं," आणि मग मान खाली घातली. पूर्ण एक मिनिट. चौथीतल्या पोरीला जे चाळीस सेकंदांत जमलं, ते मला साठ सेकंदांत जमलं नाही. मिनिट संपल्यावर त्यांनी हात खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला नाही. "परीक्षा जवळ आलीये, अभ्यास कर," म्हणून निघून गेल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरू, असं त्या एकदाच म्हणाल्या. मी नको म्हटलं, तर त्यांनी कारण विचारलं नाही. मी बीएस्सी केलं, लग्न झालं, आता शारजात वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात आहे. आमची यंत्रं अर्ध्या मिनिटात ब्लडप्रेशर आणि नाडी दोन्ही दाखवतात. बाबांना मात्र चिडवायला आयता विषय मिळाला होता. कोणी पाहुणे आले की ते मावशींसमोरच सांगायचे, "आमच्या कॅप्टनबाई, लष्करात राहून आल्या आणि रविवार विसरल्या!" सगळे हसायचे. मावशीही हसायच्या. मी चहा आणायला आत जायचे. असं वर्षानुवर्षं... काका रिटायर होऊन ते दोघं पुण्याला परत जाईपर्यंत.

मागच्या डिसेंबरात मी त्यांना भेटायला गेले. हृदय थकलं होतं, चार पावलं चालल्या तरी धाप लागायची. पण पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती आणि घड्याळ उशाशी, उलटंच ठेवलेलं. म्हणाल्या, "बघ जरा नाडी. हल्ली येतात ते सगळे बोटाला चिमटा लावून जातात." मी मनगट हातात घेतलं आणि घड्याळ बघत मोजायला लागले. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, त्याच बोलल्या. स्वतःचा नियम मोडून.

"त्या दिवशी तुझी एकशे बारा होती, अनू."

मी मोजायची थांबले. कोणत्या दिवशी, हे विचारायची गरज नव्हती.

"रडणाऱ्या माणसाचीही वाढते," मी कशीबशी म्हटलं.

"वाढते. पण मी कॅलेंडरचं नाव काढलं तेव्हा बोटाखाली उडाली. मी काय शाळेत पहिल्यांदा पोटदुखी बघत होते?" त्या थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. "रविवार मी खरोखरच विसरले होते, ती चूक माझीच. तू विसरली नव्हतीस, एवढंच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? इतकी वर्षं बाबा तुम्हाला..."

"घाबरलेल्या मुलीला मी गणवेशात कशाला ढकलू? आणि पेठेसाहेबांनी तुझ्यासाठी एवढी मोठी सही केली होती. ती तू नाकारलीस असं त्यांना वाटण्यापेक्षा मी विसरले, हे बरं होतं." मग माझ्या हातावर थाप मारून म्हणाल्या, "मात्र आता ते म्हातारे झालेत, पचवतील. सांग त्यांना कधीतरी. लष्करातली बाई रविवार विसरली, हे एकटीच्या नावावर घेऊन जायला मला आवडणार नाही." त्यांच्या डोळ्यांत हसू होतं. मी रडले, भरपूर रडले. आणि मग त्या म्हणाल्या, आता मोज बाई पहिल्यापासून. मी मोजली. अठ्ठ्याऐंशी. मोठ्याने सांगितली.

परत आल्यावर मी बाबांना सांगितलं का? नाही. या शुक्रवारी, पुढच्या शुक्रवारी, करत राहिले. आणि मग तो फोन आला.

विनायककाका दिवसांना पुण्याला जाऊन आले. गेल्या शुक्रवारी ते अल मनखूलला आले, खिशातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. त्यावर मावशींच्या अक्षरात माझं नाव होतं. आत ते घड्याळ. विनायककाका चप्पल घालता घालता म्हणाले, "या खेपेला मी वेळेवर पोहोचवलं गं." त्यांनाही ते इतकी वर्षं डाचत होतं, हे मला तेव्हा कळलं.

ते गेल्यावर मी घड्याळाला चावी दिली. बाबांनी हात टेबलावर उताणा ठेवला. आमच्या कंपनीचं यंत्र शेजारीच होतं, त्याच्याकडे आम्ही दोघांनीही बघितलं नाही. मी त्यांचं मनगट धरलं. ते बारीक झालंय. बाबा गप्प होते, आयुष्यात पहिल्यांदा एका मिनिटासाठी खरोखर गप्प, आणि आत आईने कुकर लावलेला होता. मी मोजत होते. चाळीस, एकेचाळीस... आणि मग मोजता मोजता मीच बोलले.

"बाबा, तो रविवार मावशी विसरल्या, पण मला माहीत होता. पाकीट इथेच, या टेबलावर होतं. मी घाबरले होते, म्हणून बोलले नाही."

बाबांनी हात काढून घेतला नाही. त्यांची नाडी माझ्या बोटांखाली जरा भराभर चालली, मग हळूहळू ठिकाणावर आली. ते कितीतरी वेळ टीव्हीकडे बघत राहिले, तो बंद होता. 

"बोललीस," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून मोज."