प्रतिकूल शेऱ्यांची वही

नात बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. परवा दुपारी मोबाइलमधून डोकं न काढता तिनं विचारलं, हानिकारक, विरोधी, वाईट अशा अर्थाचे इंग्रजी शब्द सांगा ना आजोबा, येतात तेवढे. मी पलंगावर आडवा होतो. नागपूरचा मे महिना, कूलर नुसता आवाज करत होता. डोळे मिटूनच सुरू झालो. अनफेव्हरेबल, ॲडव्हर्स, हार्मफुल, डेट्रिमेंटल, हॉस्टाइल. ती लिहीत गेली. पुढचा शब्द ओठांवर आला तेव्हा मी म्हटलं, पुरे आता, थकलो. ते खोटं नव्हतं.

मी एका सरकारी कार्यालयात स्टेनो होतो. उन्हाळा लागला की कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल निघत, आणि गोपनीय म्हणून ते टाइप करायला माझ्याकडेच येत. चांगलं लिहायला साहेबलोकांना कुणाची गरज पडत नसे. गुड, व्हेरी गुड, संपलं. वाईट लिहायचं असलं की मला आत बोलावणं येई. मराठीत लिहिलं तर माणूस भांडायला येतो, इंग्रजीत लिहिलं तर आधी अर्थ विचारत फिरतो, असा त्यांचा हिशेब. माझ्या खिशात एक वही असे. तिच्यात मी वाईट शब्द सौम्यापासून जहालापर्यंत उतरवून ठेवले होते. साहेबांचा राग पाहायचा आणि त्या मापाचा शब्द काढून द्यायचा. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. पण मला त्याचा गर्व होता, हे कबूल करतो.

समोरच्या टेबलावर एक कारकून बसे. उमरेडचा, विणकराच्या घरातला. इथे खोली करून राही आणि शनिवारी एसटीनं घरी जाई. तिथे म्हातारे वडील एकटेच. नजर अधू झालेली, तरी हातमाग सोडत नव्हते. दुपारचा डबा आम्ही दोघं एकत्र खात असू. त्याला बढती मिळायची होती आणि बढतीची जागा उमरेडलाच रिकामी होती. दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं. वडिलांजवळ राहायला मिळावं, एवढंच.

त्या वर्षी त्यानं साहेबांच्या मर्जीतल्या माणसाची एक फाइल तीनदा परत पाठवली. तीन कागद कमी होते. त्याचं बरोबर होतं. साहेबांनी मला बोलावलं. आधी ‘स्लो’ लिहून झालं होतं, पण त्यांचं समाधान होईना. म्हणाले, काही तरी जोरदार सांगा. मी वहीच्या शेवटच्या पानावरून सांगितलं, इनिमिकल. कार्यालयीन शिस्तीला इनिमिकल. त्यांनाही अर्थ ठाऊक नव्हता. वैरभावाचा, घातक, असं मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. अहवाल कुणाचा आहे हे मला माहीत होतं. वरचं नाव मीच टाइप केलं होतं. तरी चहा गोड लागला.

शेऱ्याची प्रत त्याच्या हाती पडली तेव्हा त्यानं ती डब्याशेजारी ठेवली आणि त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यानं हातातला पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"म्या कोनाचा घात केला, भाऊ?" एवढंच म्हणाला. मग शेऱ्याविरुद्ध वर अर्ज करायचा आहे, तो तुम्हीच लिहून द्या, म्हणाला.

मी दोन संध्याकाळी घरी बसून अर्ज लिहिला. तीन कागद कमी होते म्हणून फाइल परत केली, हे एक साधं वाक्य पुरेसं होतं. पण मला आत टोचत होतं, आणि टोचणी शमवायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, ती वहीच होती. साहेबांविरुद्ध ती सगळी ओतली. मॅलिशियस, व्हिंडिक्टिव्ह, काही शिल्लक ठेवलं नाही. ते साधं वाक्य तिसऱ्या पानावर कुठे तरी गेलं. त्यानं न वाचता विश्वासानं सही केली.

वरून उत्तर आलं. अर्जाची भाषाच अर्जदाराची वृत्ती दाखवते, सबब शेरा कायम. बढती पुढच्या माणसाला गेली. वडील गेले तेव्हा तो नागपुरात, माझ्या समोरच्या टेबलावर होता. फोन आला, त्यानं फाइल बांधली, आणि निघाला. मी उठलोसुद्धा नाही. वही त्याच आठवड्यात फाडली, पण डोक्यातली कोण फाडणार.

गेल्या हिवाळ्यात तो बसस्टँडवर भेटला. दोघंही निवृत्त. उमरेडच्या गाडीला वेळ होता. मी इतका कंटाळलो होतो त्या गोष्टीचं ओझं वाहून, की विचार न करता बोलून गेलो, तो शब्द माझा होता.

"मले तवाच समजलं होतं," तो म्हणाला. "त्या हापिसात दुसऱ्या कोनाले येत होता तो?"

"मंग अर्ज मलेच काहून लिहाले सांगितला?" मी विचारलं.

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बाबा म्हनत, ज्याच्या हातानं धागा तुटला, त्यालेच टोक सापडते. मले वाटलं, तुमाले सापडन."

गाडी लागली. तो चढला, खिडकीजवळ बसला आणि म्हणाला, घरी येत जा कधी. मी मान हलवली. उमरेड काही लांब नाही. मी अजून गेलेलो नाही.