पालकांसाठी खुर्च्या

"आयाच्या कामाला मागच्या दाराने यायचं. आणि मुलीला घरी ठेवून यायचं."

दादरच्या त्या शाळेतल्या मोठ्या बाई हे बोलल्या तेव्हा माझ्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. मी ती पुढे धरली होती. त्यांनी चिठ्ठी बघितलीच नाही. माझी विटकी साडी बघितली, पायातल्या स्लिपर बघितल्या, आणि ठरवून टाकलं. कुंदा, माझी मुलगी, आठ वर्षांची, माझ्या पदराला धरून उभी होती. दुसरा हात कानावर ठेवून डोलत होती. ती शाळा असल्याच मुलांसाठी काढलेली. पण माझ्या पदराला धरून आलेली पोर त्यांना विद्यार्थिनी वाटली नाही. आयाबरोबर आलेली कटकट वाटली.

मी म्हटलं, "बाई, मी कामाला नाय आले. पोरीला शाळेत घालायला आले."

त्या ओशाळल्या असतील असं तुम्हाला वाटेल. छे. चष्मा पुसत सांगितलं, सध्या जागा नाही, नाव लिहून ठेवा. मग मला पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, आया मात्र खरंच हवी आहे.

तिथल्या तिथे उठून जायला हवं होतं. नाही गेले. का नाही गेले ते सांगते.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. लालबागच्या चाळीत आमची एक खोली. आमचे हे गिरणीत कामाला. मी घरात खानावळ चालवायचे. कोकणातून एकटे आलेले गिरणीवाले दोन्ही वेळ माझ्या हातचं जेवायचे. संप लांबला तसे ते एकेक करून गावी गेले, खानावळ बसली. हे रोज सकाळी गिरणीच्या गेटावर जायचे आणि दुपारी तोंड पाडून परत यायचे. मी काही बोलायचे नाही. बोलून काय भाकरी फुगणार होती?

कुंदा बोलायची नाही. हाक मारली तर वळायची नाही. नळावर भांडी आपटली की किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. आता त्याला ऑटिझम म्हणतात, टीव्हीवर माणसं छान बसून त्यावर बोलतात. तेव्हा आमच्या मजल्यावर त्याला एकच शब्द होता. येडी. म्युनिसिपालटीच्या शाळेनं चार महिन्यांत घरी पाठवली. सासूनं गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला, आणि दोष माझ्या पोटाला दिला. शेवटी परळच्या एका इस्पितळात एका डॉक्टरनं तिला अर्धा तास नीट बघितली. असं तिला कोणी बघितलंच नव्हतं. तो म्हणाला, ही वेडी नाही, हिला शिकवता येतं, दादरला शाळा आहे. आणि ती चिठ्ठी दिली.

आता शाळेत जागा नाही. घरात पैसा नाही. दुसरीकडे कामाला जायचं तर पोरीला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावायचं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत. मी म्हटलं, येते कामाला, पण पोर माझ्यासोबत राहील. मोठ्या बाईंनी बराच विचार केला. पॅसेजमध्ये चटईवर बसू दे म्हणाल्या, वर्गात नाही.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी धरले.

दीड वर्ष. मुलांना संडासला नेणं, धुणं, भरवणं, लाळ पुसणं, कोणी चावलं तर चावून घेणं. त्या मुलांवर माझा राग नाही, कधीच नव्हता. कुंदा वर्गाच्या दाराबाहेर, चपलांच्या कपाटाशेजारी. दार अर्धं उघडं असायचं. आत वर्गाच्या बाई, तरुण होत्या, भल्या होत्या, मुलांना चित्रं दाखवायच्या. पाणी हवं तर पाण्याचं चित्र उचलून द्यायचं. भूक लागली तर ताटाचं. मी लादी पुसता पुसता बघायचे. एकच लादी तीनतीनदा पुसायचे.

घरी माझ्याकडे कुठली चित्रं? मी खरी वाटीच घेतली. जेवायच्या आधी रिकामी वाटी कुंदाच्या हातात द्यायची, मग भात. दिवसातून दोनदा. ती वाटी फेकून द्यायची, मी उचलून परत द्यायचे. हे विचारायचे, हे काय नवीन खूळ काढलंस? मी म्हणायचे, तुम्ही तुमचा संप बघा.

सहा महिने गेले. एका रविवारी मी तांदूळ निवडत होते. कुंदा उठली, फळीवरची वाटी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. वाटी ठेवून उभी राहिली. अख्ख्या आयुष्यात पोरीनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं गो. मी रडत रडत भात टाकला. हे दारात उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी धावत जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं. छान, म्हणाल्या. मग वर्गात घेता काय, विचारलं. यादीत नाव आहे ना तिचं, म्हणाल्या.

त्या यादीतून दीड वर्षात तीन नवीन मुलं वर्गात आली. मला पक्कं माहीत आहे, कारण नवीन मुलाच्या दप्तरासाठी भिंतीत खिळा मीच ठोकायचे. तिघंही गाडीतून यायची. कुंदाचं नाव कुठल्या पानावर होतं देव जाणे.

मग एक दिवस देणगीदार यायचे ठरले. सकाळपासून हार, नारळ, फोटोवाला. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मोठ्या बाई बाहेर आल्या, चटईवरून कुंदाला उठवलं, आत नेऊन पहिल्या खुर्चीवर बसवलं. समोर चित्रं मांडली. पाहुण्यांना म्हणाल्या, "ही आमच्या आयाची मुलगी. हिलासुद्धा आम्ही शिकवतो."

फोटो निघाला. माझ्या मनात काय आलं सांगू? राग नाही. आनंद झाला मला. वाटलं, बसवली म्हणजे आता बसवली. खुळी मी.

पाहुणे फाटकाबाहेर गेले. मोठ्या बाई वळल्या. "उचल तिला. ती जागा दुसऱ्याची आहे."

कुंदा उठेना. तिनं ताटाचं चित्र उचललं होतं, छातीशी घट्ट धरलं होतं. वर्गाच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, बघा ना, ती मागतेय. मोठ्या बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "उचल म्हटलं ना."

आणि मी उचलली. नोकरी होती ना. चित्रावरचं तिचं एकेक बोट मी सोडवलं. ती माझ्या दंडाला चावली. किंचाळत असलेल्या पोरीला ओढत नेऊन मी चटईवर बसवली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्याला मारायला आईलाच पुढे केली होती. त्यानंतर पंधरा दिवस कुंदानं वाटीला हात लावला नाही.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "काम सोडू नकोस." तोवर संप संपला आहे हे सगळ्यांना कळलं होतं, तोंडानं कोणी म्हणत नव्हतं. काहींना गिरणीनं परत घेतलं, ह्यांना घेतलं नाही. मी त्या दिवशी त्यांना फार लागेल असं बोलले. तुम्ही मालकापुढे मान वर करून बसलात नि मला खाली घालायला सांगता, म्हटलं. त्यांचं तरी काय चुकलं होतं? घरात माझाच पगार येत होता.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकसभा असायची. खुर्च्या मांडायचं काम माझं, चहा द्यायचं पण माझं. त्या शनिवारी मी एक खुर्ची जास्त मांडली.

सभा सुरू झाली. बाहेरून कोणी डॉक्टर आले होते. ते म्हणाले, आईवडिलांनी घरचे अनुभव मोकळेपणानं सांगा. मी ट्रे खाली ठेवला, कुंदाला घेतलं आणि त्या खुर्चीवर बसले.

मोठ्या बाई म्हणाल्या, "चहा राहिलाय."

"राहू दे. मी पण पालक आहे. मला सांगायचंय."

मी सांगितलं. वाटीचं सांगितलं. खिळ्यांचं सांगितलं. फोटोचं सांगितलं, आणि मी पोरीची बोटं कशी सोडवली तेही सांगितलं. मी थांबले नाही. खोलीतलं कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. जिच्या मुलाला मी दीड वर्ष धुतलं ती बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. डॉक्टर म्हणाले, ह्यांचं आपण नंतर वेगळं ऐकू.

मोठ्या बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "जे मिळालं त्याचे उपकार मानायचे सोडून हे काय?"

"काय मिळालं बाई? दाराबाहेर बसायला मिळालं. ते आता नको."

मी कुंदाला घेऊन निघाले. मागून एकजण पण उठला नाही.

सोमवारी घरात बसले. शाळा गेली, पगार गेला, परत तीच खोली. बाहेर नळावर भांडी, आत पोर किंचाळतेय. आणि वरून, तिसऱ्या मजल्यावरून, तसाच आवाज. तिथं चौदा वर्षांची एक मुलगी होती. घरातली माणसं तिला धोतरानं खिडकीच्या गजाला बांधून ठेवायची. सगळ्या चाळीला माहीत होतं. तो आवाज आला की सगळे रेडिओ मोठा करायचे. मी पण करायचे. हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते.

मी वर गेले, दार वाजवलं. आमच्यात तसलं कोण नाय, असं आतूनच उत्तर. मी हटले नाही. शेवटी तिच्या आईनं बोटभर फट उघडली.

"तुझी पोर सगळ्यांना दाखवत फिरतेस. लाज नाय वाटत?"

"वाटायची," मी म्हटलं. "आता लपवायची वाटते."

तिनं दार लावून घेतलं. आसपासच्या चाळीत अशी आणखी चार दारं मला माहीत होती. चारही वाजवली. एकीनं शिव्या घातल्या, दुसरीनं पाणी तरी विचारलं. पोरीला घेऊन बाहेर यायला कोणी तयार नव्हतं. येणार कुठे? जागा कुठे होती?

जागा होती. तळमजल्यावर गणपती मंडळाची खोली. गणपतीच्या दिवसांत उघडायची, बाकी वर्षभर बंद. मी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. चार लोक कॅरम खेळत होते. मी म्हटलं, सकाळचे तीन तास खोली द्या, असल्या पोरांना मी शिकवीन, मला येतं. ते हसले.

"येड्यांची जत्रा भरवताय काय वहिनी?"

"भरवते," मी म्हटलं. "उद्यापासून."

चावी मिळणार नाही म्हणाले. लोक काय म्हणतील म्हणाले. हसतील त्यांचे दात दिसतील, मी म्हटलं. कुंदा माझ्या बाजूला उभी राहून डोलत होती. त्यातला एकजण तिच्याकडे बघून खेळायचा थांबला होता. मी तिला मागे घेतली नाही. बघू दे नीट. मग अध्यक्षांना जे सांगितलं ते सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "सकाळपर्यंत चावी द्या, नायतर मी कुलूप फोडते. पोलिसात जायचं तर खुशाल जा. मी तिथं पण पोरीला घेऊनच येणार."