वीतभर नळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — त्याला आपोआप कळलं असेल तर गोष्ट वेगळी, मी तोंडानं म्हटलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मंडी मोहल्ल्यातलं माझं गॅरेज पाहिलेलं नाही, मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ आजही उचलत नाही.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडे घेऊन आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, भांडताना दोन्ही. घोडे गेले, आता नारू गाड्यांना नाल ठोकतो, असं राघूमामा माझी चेष्टा करत म्हणायचे. राघूमामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. गॅरेजमध्ये इंजिनचं काम माझं, वायरिंगचं त्यांचं. मी तापट, ते थंड. बावीस वर्षं आम्ही एका पत्र्याखाली काम केलं, आणि माझ्या शिव्या खाऊनही टिकलेला तो एकच माणूस.

आमच्याकडे एक रीत होती. मामांनीच घातलेली. जो नट, जी क्लिप, जो जोड आपण आवळला, त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. मामांचा ठिपका लाल — त्यांच्या मुलीच्या नेलपॉलिशच्या संपत आलेल्या बाटल्या ते खिशात घेऊन फिरायचे. माझा पिवळा, ऑइलपेंटचा. ठिपका दिला म्हणजे हे मी पाहिलं, हे मी केलं, उद्या काही झालं तर मला विचारा. ठिपका नसेल तर गाडी गेटबाहेर जायची नाही. लोक हसायचे आम्हाला. पण आमच्याकडची गाडी परत येत नाही, असंही तेच लोक म्हणायचे.

आता ट्रक. बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतला तेंझिन म्हणून एक शेतकरी होता, मका पिकवायचा. त्याच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेला पेट्रोलवरचा छोटा ट्रक त्याच्याकडे होता. कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन. थंडीत सकाळी चालू व्हायचं नाही, झालं तर पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. वडील गेलेले, ट्रक विकवत नव्हता. त्यानं विचारलं, याला नवीन पद्धतीचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसेल का? सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. म्हणून मी हो म्हटलं. माझा स्वभावच तसा.

या कामात एक गोष्ट कळीची असते, ती तुम्हाला कळायला हवी. कार्ब्युरेटरला पेट्रोल हळू लागतं, बाळाला चमच्यानं पाजावं तसं. इंजेक्शनचा पंप तेच पेट्रोल कितीतरी पट जोरानं ढकलतो. म्हणून जुन्या रबरी नळ्या चालत नाहीत. एकूण एक काढायच्या आणि जोर सोसणाऱ्या जाड नळ्या घालायच्या. हे मला ठाऊक नव्हतं का? दुसऱ्या मेकॅनिकांना मीच शिकवायचो हे.

बंगळूरहून मागवलेली जाड नळी वीतभर कमी पडली.

वीतभर! गिअरबॉक्सच्या वर, चॅसीच्या आडव्या पट्टीमागे, जिथं नजर जात नाही तिथला एक तुकडा राहिला. नवीन नळी यायला चार दिवस लागणार होते आणि आयुधपूजा दुसऱ्या दिवशी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावात सायकलीपासून बसपर्यंत सगळं धुऊन, हार घालून रस्त्यावर उभं राहतं. माझ्या रांगेत सगळ्यात पुढं तो ट्रक उभा करायचा, किल्ली फिरवल्याबरोबर चालू करून दाखवायचा, आणि नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बघायची — एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेंझिनला घाई नव्हती. घाई मला होती.

मी जुनी नळी हातानं दाबून पाहिली. बरी वाटली. तिच्याच दोन्ही क्लिपा आवळल्या. नंतर बदलू, म्हटलं. आणि मग — मी त्यावर पिवळा ठिपका दिला.

ठिपका नसता दिला तर मामांनी विचारलं असतं. ते गाडीखाली शिरले, टॉर्च हातात घेऊन ठिपके मोजत गेले, आणि माझा पिवळा रंग बघून पुढं सरकले. तो रंग ओला होता अजून.

पूजा झाली. कोहळा फुटला. ट्रक एका फिरवणीत चालू झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. चार दिवसांनी नळी आली, तेव्हा ट्रक बैलकुप्प्याला पोचला होता. फोन करून परत बोलवायचा, तर चूक कबूल करावी लागली असती. मी नळी खुंटीला टांगली.

तीन आठवड्यांनी हुणसूरच्या अलीकडे ट्रक पेटला. तेंझिन आणि त्याची म्हातारी आई उड्या टाकून उतरले म्हणून वाचले. सीटखालून धूर आला, मग ज्वाळ, एवढंच त्याला सांगता आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगाडा ओढून माझ्या दारात आणला. मोहल्ला गोळा झाला. इंजेक्शन म्हणजे वायरी आणि वायरी म्हणजे आग, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. कुणीतरी म्हणालं, वायरिंगच असणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी "हं" म्हटलं. तेवढंच. पण मी इंजिनवाला होतो ना — माझ्या "हं"वर शिक्का बसला.

वितळलेल्या वायरींचा गोळा मामांनी हातात घेतला आणि बघत उभे राहिले. लोक पुढं त्यांच्याभोवती जमले होते, तेव्हा मी मागून गाडीखाली शिरलो. नळी उभी फाटली होती. पेट्रोल थेट सायलेन्सरच्या पाइपवर उडालं असणार. टाकीकडची क्लिप मात्र शाबूत होती आणि तिच्यावर माझा ठिपका, काळवंडलेला पण पिवळा. मी पक्कडीनं क्लिप सोडवली, नळीचा तुकडा ओढला आणि दोन्ही खिशात घातलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं दिवसभर मला वाटत राहिलं की माझ्या खिशाला पेट्रोलचा वास येतोय.

मग काय झालं असेल तुम्हीच सांगा. गिऱ्हाइकं येऊन हळूच म्हणायची, काम तू कर, मामांचा हात नको. मी एकदाही भांडलो नाही. मी, जो रुपयाच्या वायसरवरून भांडतो! दोन महिन्यांनी मामांनी आपली पिशवी गुंडाळली. आता ते एका छत्राच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, गेटवर खुर्ची टाकून बसतात आणि पाहुण्यांच्या गाड्या लावून घेतात.

इथवरचं तुम्ही कदाचित भित्रेपणा म्हणून सोडून द्याल. पण खरी गोष्ट पुढंच आहे.

पुढच्या आयुधपूजेला मामा गॅरेजमध्ये आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. मी त्यांच्या हातात कडलेपुरीचा, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांचा, प्रसाद दिला. तो तसाच ओंजळीत धरून ते म्हणाले, "नारू, वर्ष झालं रे. झोप लागत नाही बघ. डोळं मिटलं की माझा एकेक जोड तपासत बसतो. तू गाडीखाली गेलतास ना, अल्वा? कुठला जोड गेला तेवढं हेळप्पा. मी कुणास काही म्हणत नाही. मला कळलं की पुरे."

हेळप्पा, म्हणजे सांग बाबा — इतक्या मायेनं मला कुणी काही मागितलं नव्हतं. खुंटीला ती नवीन नळी अजून टांगलेली होती, त्यांच्या डोक्याच्या अगदी वर. तेव्हा बोलायचं होतं. त्या माणसाला शिक्षा नको होती, माफी नको होती, खरं काय ते हवं होतं. आणि मी म्हटलं, "बॅटरीजवळचा, मामा."

त्यांनी डोळे मिटले. "हौदा, होय का... बॅटरीजवळचा. तिथं हात नीट पोचत नव्हता. मला तेव्हाच वाटलेलं." माझ्या खोट्याला त्यांनी आपल्याकडचं कारणही जोडून दिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, "बरं केलंस सांगितलंस" म्हणाले, आणि चुरमुरे खात खात निघून गेले. त्यांना त्यानंतर झोप लागायला लागली, असं मामी सांगतात.

मला लाज वाटते. ती रोज वाटते असंही नाही — काम असलं की विसरतो, जेवतो, हसतो. पण गेल्या महिन्यात एका लग्नाला त्या छत्रात गेलो होतो. गेटवर मामा एका पोरसवदा ड्रायव्हरला थांबवून सांगत होते, बॅटरीजवळचा जोड महिन्यातून एकदा बघत जा, माझ्या हातून तोच सैल राहिला आणि एका भल्या माणसाची गाडी गेली. चारचौघांत, न लाजता सांगत होते. मला पाहून हसले, आणि माझी गाडी सावलीत लावून दिली.

क्लिप माझ्याकडे आहे, टेबलाच्या खालच्या खणात. ठिपका अजून ओळखू येतो.

आणि एक राहिलंच. त्या सकाळी गाडीखालून निघण्याआधी मी मामांचे जोड एकेक करून ओढले होते. एखादा तरी सुटावा, म्हणजे दोष वाटून घेता येईल, म्हणून. बॅटरीजवळचा तर दोन्ही हातांनी, पाय टेकून ओढला. वरचं आवरण जळून गेलं होतं, तांबं काळं पडलं होतं. जोड हलला नाही.