भाऊसाहेबांचे काका

“वरून नको, खालून. वरून घार येते.”

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत असतील, कोण जाणे. दारात येईल त्याच्या हातात ते जास्वंदीचं एक फूल ठेवायचे आणि स्वतःचा तळहात उताणा करून, पोटाच्या उंचीवर धरून दाखवायचे, “असा.” मग तो कुरिअरवाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, नाहीतर आज पाणी किती वाजता सोडणार हे विचारायला आलेली शेजारीण असो. ज्यांच्यासाठी ते फूल असायचं ते भाऊसाहेब हॉलच्या खिडकीत ऊन खात बसलेले असायचे. हिरवेगार, गळ्याखाली पोळीएवढी कातडी लोंबणारे, आणि शेपटी पार सोफ्याच्या हातापर्यंत पोचलेली.

भाऊसाहेब म्हणजे इग्वाना. दिसायला घोरपडीसारखा, पण परदेशी आणि पक्का शाकाहारी. काकांच्या मुलाने कॉलेजात असताना बोटाएवढं पिल्लू आणलं होतं. पुढे तो नोकरीला परदेशी गेला आणि जाताना म्हणाला, “बाबा, थोडे दिवस सांभाळा.” असे थोडे दिवस तुमच्याही घरी कोणी ना कोणी ठेवून गेलं असेल. काकांकडे ते वर्षानुवर्षं चालले होते आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. काकू गेलेल्या, टेलिफोन खात्यातली नोकरी संपलेली. “हल्ली फोन कोणी उचलत नाही,” काका म्हणायचे, “हा निदान मान डोलवतो.”

आणि डोलवायचाही. काका मालवणकडचे. आमच्याशी बोलताना छापील मराठी, पण भाऊसाहेबांशी फक्त मालवणी. सकाळी आमचं दार उघडलं की समोरून ऐकू यायचं, “काय रे, जेवलंस?” त्यावर भाऊसाहेब दोनदा मान खालीवर करायचे. हे संभाषण ऐकत मी डबा भरायची.

घारीची गोष्ट काकांनी मला पहिल्याच भेटीत समजावली होती. इग्वानाच्या टाळूवर एक बारीक खवल्यासारखा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, सावली कळते. वरून सावली पडली की त्याच्या लेखी ती शिकारी पक्ष्याचीच. मग तुम्ही कितीही प्रेमळ असा, शेपटीचा फटका बसतो. या नियमाची काकांना इतकी सवय झाली होती की ते माणसांशीही तसेच वागायचे. दिवाळीला माझी मुलगी पाया पडली की सगळ्यांसारखा डोक्यावर हात ठेवायचं सोडून ते तिच्या हनुवटीखाली तळवा धरायचे आणि म्हणायचे, “मोठी हो.” तिला लहानपणी वाटायचं की मालवणात आशीर्वाद असाच देतात.

आता माझं सांगते. मला पालीची भीती वाटते. साधीसुधी नाही, स्वयंपाकघरात पाल दिसली तर मी गॅस बंद करून बाहेर येते आणि त्या रात्री पिठलं-भात नवरा करतो. त्यात माझ्या दारासमोर पालीचे हे थोरले बंधू! काका दार उघडं ठेवायचे, फक्त जाळीचं बंद. आठवड्यातले काही दिवस मी घरूनच काम करते. दाराजवळच्या टेबलावर लॅपटॉप, आणि दर दोन मिनिटांनी माझी नजर समोर. आहे ना जागेवर? हलला का? कुठे गेला? काकांपेक्षा जास्त वेळ मीच त्याला बघत असेन.

फुलं आणि पाला यायचा भुईगावहून. बाजारातल्या पालेभाजीवर औषध मारलेलं असतं म्हणून काका स्कूटरवरून एका मावशींच्या वाडीत जायचे. जास्वंद, शेवग्याचा पाला, कधी भोपळा. मावशींनी बरेच दिवस पाहिलं आणि एकदा विचारलं, “एवढी फुलं नेता, देव मोठा हाय वाटतं तुमचा?”

“मोठा आहे,” काका म्हणाले. “आणि खातो पण.”

मावशी एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून, पाल्याची पिशवी घेऊन खरंच देव बघायला आल्या. खिडकीकडे पाहून त्यांनी झटकन क्रूसाची खूण केली, मग जवळ जाऊन नीट निरखलं आणि म्हणाल्या, “माझ्या मालकापेक्षा शांत हाय.” त्यानंतर पाल्याचे पैसे त्या अर्धेच घ्यायला लागल्या.

काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा या सगळ्या मजेत एक खडा आला. ऑपरेशन टाळता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांना स्वतःची फारशी काळजी नव्हती. पण इग्वाना नीट सांभाळला तर पुष्कळ जगतो. “मी नसलो तर याचं काय?” ते विचारायचे. मुलगा म्हणाला, कोणालातरी देऊन टाका. काका खिडकीतून बाहेर बोट दाखवायचे. आमच्या टॉवरमागे नायगावची खाडी आहे आणि तिच्यावर दिवसभर घारी फिरत असतात. “कोणालातरी दिला की चार महिन्यांत कंटाळून खाडीवर सोडतात. ज्याने सगळं आयुष्य सोफ्यावर काढलं, तो खऱ्या घारीपुढे काय टिकणार?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते फूल म्हणजे आता परीक्षा झाली होती. काका वारस शोधत होते. जिमवाला पोरगा आला, त्याने दंडावर घेऊन सेल्फी काढला. सेक्रेटरींनी लांबूनच फूल फेकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या प्राणीप्रेमी बाईंनी लाडाने डोक्यावरून हात फिरवायला घेतला आणि शेपटीचा वळ घेऊन घरी गेल्या. काका सगळ्यांना चहा द्यायचे आणि नापास करायचे.

अशात भाऊसाहेबांनी खाणं सोडलं. काकांना वाटलं, आपली काळजी त्याला कळली. ते त्याच्यापुढे बसून मालवणीत समजूत घालत राहिले. मी मात्र टेबलावरून वेगळंच बघत होते. भाऊसाहेब सोफ्यामागचा कोपरा उकरत होते. मग चपलांच्या कपाटाचा, मग तुळशीच्या कुंडीचा. पाठीची हाडं दिसत होती आणि पोट मात्र ठिकठिकाणी फुगलेलं. माझं माहेर साताऱ्याकडचं, दारात कोंबड्या असायच्या. मी जाळीच्या अलीकडूनच म्हटलं, “काका, रागावू नका, पण अंडं घालायच्या आधी आमची कोंबडी असेच कोपरे धरायची.”

“वहिनी, भाऊसाहेब आहेत ते!”

“असू देत. एकदा दाखवून तर या.”

कपड्यांच्या झाकणवाल्या टोपलीत घालून काका त्याला टॅक्सीने मुंबईला, अशा प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. एक्स-रेत पोटभर अंडी. नर नसला तरी मादी अंडी धरते, फक्त ती पोकळ असतात, आत पिल्लू नसतं. तिला उकरायला ओली माती मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि ती मरते. इतकी वर्षं लाडाने भाऊसाहेब म्हणून हाक मारणाऱ्या माणसाच्या डोक्यात माती कशी येणार? काका परत आले ते डोळे पुसतच. “मी मारलीच असती हो तिला,” एवढंच म्हणाले.

मावशींनी टेम्पोतून त्यांच्या वाडीतली रेताड माती पाठवली. लिफ्टमधून पोती वर जाताना वॉचमनने विचारलं, “अंकल, गार्डन बना रहे हो क्या?”

“नहीं,” काका म्हणाले, “मॅटर्निटी होम.”

पाण्याचं मोठं पिंप आडवं करून त्यात माती भरली. मजल्यावरच्या सगळ्यांनी टीव्ही बंद ठेवले, एका घराने प्रेशर कुकरसुद्धा लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पिंपात शिरली. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा पोट सपाट, तोंडाला माती, आणि काकांच्या तळहातावरचं फूल तिने एका घासात संपवलं. मला रडूच आलं, आणि मी काही प्राणीप्रेमी वगैरे नाही.

काकांनी मजल्यावर बत्तासे वाटले. मुलगा असता तर पेढे, मुलगी असती तर बर्फी, पण पोकळ अंड्यांना पोकळ बत्तासेच बरे, असं त्यांचं म्हणणं. नाव काही बदललं नाही. फक्त सकाळचं “काय रे” जाऊन “काय गो” ऐकू यायला लागलं.

बत्तासे देताना ते माझ्या दारात थांबले. “वहिनी, तुम्ही घ्याल तिला?”

“काका, मला भीती वाटते. तुम्हाला माहीत आहे.”

“म्हणूनच विचारतोय. तुम्ही घाबरता, त्यामुळे बघता. बाकीचे नुसता हात लावतात. इतक्या वर्षांत मला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं.”

मी नाहीच म्हणणार होते. मग बाहेरच्या घारी आठवल्या.

शिकायला मला पूर्ण उन्हाळा लागला. फूल धरलेला हात आधी उंबऱ्यापर्यंत, मग खुर्चीपर्यंत गेला. ज्या दिवशी तिची जीभ बोटाला लागली त्या दिवशी मी ओरडले, पण हात मागे घेतला नाही. काकांनी ऑपरेशनच्या आधीच तिचं जाळीचं कपाट आणि दिवे माझ्या बाल्कनीत बसवून घेतले, परदेशी प्राण्याची सरकारी नोंदही माझ्या नावावर करवली. ऑपरेशन चांगलं झालं. ते बरे होऊन आल्यावर मी म्हटलं, आता न्या तिला परत. ते म्हणाले, “छे, ती सासरी रुळली.” आणि रोज संध्याकाळी पाहुण्यासारखी बेल वाजवून विचारायला लागले, “भाऊसाहेब आहेत का घरात?” चहा प्यायचे, तिच्याशी मालवणीत बोलायचे आणि निवांत घरी जायचे. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आधी पाहिलं नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं असं चाललं. मग एका संध्याकाळी बेल वाजली नाही. काका दुपारी झोपेतच गेले होते.

आता भुईगावला मी जाते. मावशी काकांची आठवण काढतात आणि पैसे अजून अर्धेच घेतात. समोरच्या फ्लॅटमध्ये नवं कुटुंब आलंय. भाऊसाहेब संध्याकाळी हॉलमध्ये येऊन त्या दाराकडे बघत बसते, आणि खोटं कशाला बोलू, मीही बघते.

गेल्या महिन्यात मुलीला पहिली नोकरी लागली. रुजू व्हायच्या सकाळी ती देवाच्या, बाबांच्या आणि मग माझ्या पाया पडली. माझा हात वर गेलाच नाही. खालून गेला आणि तिच्या हनुवटीखाली थांबला.

तिने माझ्याकडे पाहिलं. “घार?”

“घार,” मी म्हटलं. “मोठी हो.”