मासोळीची छाप

वहिनी गेल्याचा निरोप तोफगाड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर आला. वहिनींच्या शेजारचे पंडितजी सायकल हाकत आले होते. "भैया, चलो. भाभीजी नहीं रहीं," एवढंच म्हणाले, आणि मला घाम फुटला असेल असं वाटून की काय, आपल्याच रुमालाने माझं कपाळ पुसायला लागले. मी सराफा बाजारामागच्या वहिनींच्या गल्लीत पोचलो तेव्हा बायकांनी सगळं आवरून ठेवलं होतं. वहिनींना मूलबाळ नव्हतं, तेव्हा पुढचं जे काय ते मीच केलं. लोक म्हणाले, सख्ख्या मुलानं केलं नसतं इतकं दिरानं केलं. तेव्हा मी मान खाली घातली, आणि तेही नम्रतेत धरलं गेलं... आता काही आठवडे लोटले आहेत आणि वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, तर आधीच सांगून टाकतो. मला फसवलं गेल्यासारखं वाटतं आहे. वहिनींनी मला फसवलं, असं. असं वाटण्याचा मला काडीचाही हक्क नाही, हे कळत असूनही वाटतं आहे.

आमचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि नर्मदेकाठीच रुजलं. वहिनी मात्र अमरावतीकडच्या. घरात आम्ही निम्मं हिंदी बोलायचो, त्या बोलायला लागल्या की वऱ्हाड घरात यायचं. माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणायचो, शाळेत इतिहास शिकवायचे आणि जुनी नाणी जमवायचे. ते अकाली गेले आणि मागे एक पत्र्याची पेटी भरून नाणी ठेवून गेले. नातेवाइकांनी सल्ला दिला की सराफ्यात चांदीच्या वजनावर घालून टाका. वहिनी म्हणाल्या, "वितळल्यावर सगळी सारखीच होतात. मंग यांनी आयुष्यभर निवडत काहून बसावं?" त्यांनी दादांची जुनी पत्रं काढली, कोणता गृहस्थ कोणतं नाणं मागत होता ते माझ्याकडून वाचून घेतलं, आणि सुरुवात केली. लाहोर, कलकत्ता, पुणे... इंग्रजी पत्रं मी लिहायची, डाकघरात मी जायचं. बाकी सगळं त्यांचं.

नाणं टपालाने पाठवणं ही सोपी गोष्ट नाही. साध्या पाकिटात घातलं तर वाटेत कोणाच्याही बोटांना त्याची गोलाई कळते. प्रत्येक नाण्याचा विमा उतरवावा तर हलक्या नाण्याची किंमत त्यातच जाते. वहिनींनी चार-दोन ठोकरा खाऊन आपली पद्धत बसवली. एकाच गिऱ्हाइकाची हलकी नाणी साठवून एकत्र रजिस्टरने पाठवायची. मोलाचं नाणं मात्र एकटं जाईल, विमा उतरवूनच जाईल, आणि विमा खऱ्या किमतीचा असेल. टपालखर्च घेणाऱ्याचा, विमा आपला, कारण त्याच्या हातात पडेपर्यंत नाणं आपलं, हा त्यांचा न्याय. दादांच्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे घेऊन त्यांत नाण्याच्या मापाचं भोक कापायचं, नाणं त्यात बसवून दोन्ही बाजूंनी पुठ्ठे चिकटवायचे, वरून जुन्या मलमलीची घडी, आणि मग मांजरपाटात बारीक टाक्यांनी शिवून टाकायचं. शिवण्याआधी ते कानाशी धरून हलवायचं. आतून आवाज आला की सगळं उसवून पुन्हा. "आतला माल बाहेर ऐकू येऊन राहिला तं चोराला आवतण धाडायची काय गरज?" असं म्हणायच्या.

शिवणीवर लाखेची मोहोर लागते. पहिल्यांदा त्यांनी लाखेवर सरळ एक रुपया दाबला. डाकबाबूंनी पार्सल उलटसुलट करून पाहिलं आणि हसून परत दिलं. म्हणाले, "नाण्याची छाप विम्याला चालत नाही, भाभीजींना म्हणावं घरची खूण आणा. रुपया काय, सगळ्यांच्याच खिशात असतो." मी ते घरी आणून दिलं तेव्हा वहिनी आतून डबी घेऊन आल्या. डबीत त्यांच्या पायांच्या बोटांतल्या मासोळ्या होत्या, दादा गेल्यावर उतरवलेल्या. त्यांतली एक त्यांनी लाखेवर दाबली. छोटासा मासा उमटला, खवल्यांसकट. त्या दिवसापासून तीच मोहोर. माझ्या मावशीला हे अजिबात रुचलं नाही. पायातली वस्तू, तीही विधवेची, आणि तिची छाप परमुलखात धाडायची... वहिनी लाखेची कांडी दिव्यावर धरत म्हणाल्या, "पायात होती तोवर कोणी पाहत नव्हतं हो, मावशी. आता लाहोरचा बॅरिस्टर पाहून राहिला." त्यावरून मग पुन्हा कोणी बोललं नाही. पुढे पुढे गिऱ्हाइकंच लिहायला लागली की माशाचं पार्सल सुखरूप पोचलं.

त्या लाहोरच्या बॅरिस्टरांपाशीच माझा पाय घसरला. मोठे संग्राहक होते. माझ्या इंग्रजीची त्यांनी तारीफ केली. दादांनी शिकवलेलं मी पत्रांत आपलं म्हणून लिहीत गेलो, आणि एका पत्रात त्यांनी मला विद्वान मित्र म्हटलं. कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांचे मसुदे स्वच्छ करून लिहिणाऱ्या कारकुनाला तो शब्द काय करतो, हे ज्याचं त्याला कळेल. मी ते पत्र खिशात घेऊन हिंडायचो. वहिनींच्या देवघरात एक रुपया होता, सागरच्या टांकसाळीतला, मराठी अमलातला. त्या काळी साचा मोठा आणि नाणं लहान असायचं, म्हणून टांकसाळीचं चिन्ह अर्धंमुर्धं उमटायचं. या रुपयावर मात्र त्रिशूळ पुरा उमटला होता. दादांना मिळालेलं ते पहिलं चांगलं नाणं. पेटीतलं सगळं विकायचं, हे नाही, असं वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताम्हणात ते मधोमध असायचं. मी बॅरिस्टरांना लिहून गेलो की असा पुऱ्या त्रिशूळाचा रुपया माझ्या संग्रहात आहे. त्यांनी उलट टपाली मागितला. किंमत तुम्ही सांगाल ती, म्हणाले. माझ्याजवळ नाही, असं लिहायला एक ओळ पुरली असती...

दसरा होऊन गेला होता. वहिनी नर्मदेवर स्नानाला ग्वारीघाटी गेल्या होत्या. मी देवघरातून रुपया उचलला, पुठ्ठ्यात बसवून बंद केला, आणि त्या आल्यावर शिवायला त्यांच्याच हातात दिला. दुसरं कोणाला जमणारही नव्हतं. आणि मासा नसता तर बॅरिस्टरांनी घेतलंही नसतं. वहिनींनी ते कानाशी धरून हलवलं. मग नुसतंच तळहातावर धरून बसल्या.

"यात काय आहे, भाऊजी?"

"साधा रुपया. नमुना म्हणून मागितला आहे."

"मंग विमा तेवढाच करा."

मी तेवढाच केला. जास्तीचा केला असता तर त्यांनी विचारलं असतं. पोचपावतीही मागितली नाही. पार्सल नेहमीप्रमाणे त्यांच्या नावाने जात होतं, तेव्हा पावती त्यांच्याच दारी आली असती. त्यांनी माझ्यासमोर टाका टाका घातला, लाख वितळवली, मासा दाबला. आपल्याच देवघरातला आपल्या नवऱ्याचा रुपया त्यांनी स्वतःच्या हातांनी शिवून मला दिला, आणि मी तो घेऊन डाकघराकडे निघालो.

लाहोरहून उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहिलं, तरी नाही. चौकशी करायची तर अर्जावर पाठवणाऱ्याची सही हवी, म्हणजे वहिनींची. दिवाळी आली. ताम्हणात मधली जागा रिकामी होती, तिथे त्यांनी चिमूटभर अक्षता ठेवल्या. पूजा आटोपून त्यांनी माझ्यापुढे फराळ ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या, चकल्या यंदा जरा कडक झाल्या." बस्स. मला वाटलं, त्यांना वाटलं असेल की कुठे पडला असेल, उंदराने ओढून नेला असेल. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

त्यानंतर मी बॅरिस्टरांना शिव्या द्यायला लागलो. वहिनींसमोरच द्यायचो, अर्थात खरं कारण सोडून. माणूस लबाड आहे, पत्रांना उत्तर देत नाही, त्याला पुन्हा काही पाठवू नका. वहिनी हातातलं काम न थांबवता ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "जिवंत असतील तं लिहितील ना. काय सांगावं, माणूस गेलाही असेल." मी म्हणालो, असली माणसं मरत नाहीत. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला आता तो क्षण इतका स्वच्छ दिसतो... मी त्यांच्यासमोर बसून एका मेलेल्या माणसाला लबाड म्हणत होतो, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मग मी जाणं कमी केलं. त्यांची नजर नको वाटायची. बायकोमुलांसह गावाच्या दुसऱ्या टोकाला, गोरखपूर मोहल्ल्यात बिऱ्हाड केलं, लांब पडतं म्हणालो, कारखान्यात काम वाढलं म्हणालो. पुढे लढाई सुरू झाल्यावर तर ते निमित्त खरंच होतं. इंग्रजी पत्रं लिहायला कोणी उरलं नाही, डाकघरात जायला कोणी नाही. धंदा बसला. वहिनी गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवू लागल्या. मला एकदाही म्हणाल्या नाहीत की या. सणाला गेलो की तेच, "काय करून राहिले भाऊजी? मुलं बरी?" रुपया चोरला हे पाप तर आहेच. पण तो देवघरातला होता, पोटातला नव्हता. पत्रं सोडून मी त्यांच्या पोटातला घासच काढून घेतला आणि त्याला कामाचा व्याप हे नाव दिलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तेराव्यानंतर देवघर आमच्याकडे आणलं. त्यात लाल खणाचं एक गाठोडं होतं. ते मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. त्या रिकाम्या दिवाळीनंतरच्या प्रत्येक लक्ष्मीपूजनाला ताम्हणात मधोमध तेच असायचं, वर हळदकुंकू. सुपाऱ्या असतील, असं मी धरून चाललो होतो. माझ्या पत्नीने खण सोडला. आत मांजरपाट, बारीक टाके, शिवणीवर ओळीने लाल मासे. एकही मोहोर फुटलेली नाही. वर माझ्या हस्ताक्षरात लाहोरचा पत्ता, आणि त्यावर आडवा डाकघराचा शेरा, की घेणारा मयत, पाठवणाऱ्याकडे परत.

म्हणजे त्या दिवाळीनंतर लगेच कधीतरी डाकवाला दारी आला होता. त्यांनी सही करून घेतलं, आतला माल कोणता हे जाणलं, आणि न उघडता त्याच्या जागेवर ठेवून दिलं. एवढी वर्षं माझ्यासमोर पुजलं. मी हात जोडत होतो त्याला! मला राग आला, हे खोटं कशाला सांगू. एकदा म्हणायचं होतं, भाऊजी, रुपया परत आला, पुन्हा असं करू नका. मी पाय धरले असते. दुसऱ्या दिवशी पत्रं लिहायला बसलो असतो, धंदा बसला नसता. त्यांनी मला दरवर्षी चकली वाढली आणि तसाच सोडून दिला. मी हे पत्नीला म्हणालो. ती म्हणाली, "त्यांनी दरवर्षी ते तुमच्यासमोर आणून ठेवलं. आणखी काय करायचं त्यांनी?" कधी वाटतं, त्या शिक्षा करत होत्या. कधी वाटतं, वाट पाहत होत्या.

"उघडा तरी," पत्नी म्हणते. डबीत ती मासोळी सापडली, खवल्यांच्या खाचांत अजून लाख अडकलेली. मी सुरी हातात घेतली होती. पण वहिनींचा नियम असा होता की मोहोर एक तर घेणाऱ्याने तोडायची, नाहीतर परत आल्यावर पाठवणाऱ्याने. ज्याला पाठवलं तो नाही. जिच्या नावाने पाठवलं ती नाही. नेणारा तेवढा उरला आहे, आणि नेणाऱ्याने पार्सल उघडलं तर त्याला काय म्हणतात, हे डाकघरातल्या शिपायालाही ठाऊक असतं.

तेव्हा मी ते देवघरात परत ठेवलं, त्याच जागी. खण मात्र पुन्हा गुंडाळला नाही. येणारं-जाणारं माणूस नमस्कार करायला वाकतं, पत्ता वाचतं आणि विचारतं, हे हस्ताक्षर कोणाचं. मी सांगतो.