अनंताचा दिवा

“ऐका हो ऐका! मेडशीतल्या तमाम सोयाबीन-तूरवाल्यांना, त्यांच्या व्याह्यांना आणि एसटीची वाट पाहून अवघडलेल्या प्रवाशांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या अनंताने पुण्यात जिवंत पेशीच्या पोटात दिवा लावला आहे! ज्यांना उजेड दिसणार नाही, त्यांनी डोळे तपासून घ्यावेत!”

ही घोषणा माझीच. अनंताला डॉक्टरेट मिळाली, तेव्हा शाळेच्या पटांगणात सत्काराला मी ती ठोकली होती. गावात माइक आला की मागे मी उभा, हे ठरलेलंच. पुढची वीस वर्षं या एका दिव्यावर मी किती हशे वसूल केले… सगळ्यात जोरात अनंताच हसायचा.

सहा आठवड्यांपूर्वी शेलूबाजारला एका साखरपुड्यात माझ्या हाती माइक असतानाच त्याच्या बायकोचा फोन आला. अनंता प्रयोगशाळेच्या जिन्यात कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी “बरं” म्हणालो. फोन खिशात टाकला आणि मुलीकडच्या पाहुण्यांना पानावर बसण्याची विनंती केली. वर एक विनोदही केला, लोक हसले. मग मीही जेवलो. दोनदा भात घेतला. रडू अजून आलेलं नाही. कान बंद झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

त्याचं काम मला त्यानं एकदाच नीट सांगितलं, शेताच्या बांधावरून, आमच्याकडच्या धुऱ्यावरून, चालताना. पावसानं काळी माती फुगलेली, माझी चप्पल रुतून बसलेली. “पाह्य,” तो म्हणाला, “सडकेवर तू गर्रकन वळतं, इथं पाय उचलाले वेळ लागून राह्यला. पेशीच्या आतही असंच हाये. कुठी पातळ, कुठी दाट.” पेशीलाच एक चमकणारं प्रथिन तयार करायला लावायचं. त्याच्यावर एका ठरावीक दिशेचा उजेड सोडायचा. ते आत गिरक्या घेतं; पातळ जागी भरभर, दाट जागी सावकाश. त्याच्याकडून परत येणाऱ्या उजेडावरून कळतं, ते किती वळलं, म्हणजे आत किती दाट आहे. आजारी पेशीत हा दाटपणा बदलतो, म्हणून हा सगळा खटाटोप. “फोडून काहून नाही पाहत?” मी विचारलं. “फोडली का मेली. जित्ती असतानाच इचारा लागते, बाळ्या.”

एका दिवाळीत ओसरीवर तो हेच आपल्या आईला सांगायला बसला होता. “आई, पेशी म्हंजे…” एवढंच बोलला असेल. समोर पाच-सहा माणसं बसलेली, मला राहवतंय कुठे? “काकू, लाइटिंगचं काम हाये म्हना अन् सोडा! त्याचं त्यालेच समजत नाही!” ओसरी खदखदून हसली. काकूही हसल्या. अनंता हसला आणि गप्प झाला. पुन्हा त्यानं तो विषय घरी काढल्याचं मला आठवत नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. काकूंनी मला जवळ बसवलं. “बाळू, लोक इचारतात, पोरगा काय करे? मी लाइटिंगचं सांगतो. खरं काय करे रे तो?”

मी सांगितलं. एकही विनोद न करता, आयुष्यात पहिल्यांदाच. धुरा, चिखल, गिरकी, उजेड… सांगताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. काकू खाली पाहत ऐकत होत्या. मध्येच त्यांची बोटं हवेत गोल फिरू लागली.

“म्हंजे पाकासारखं,” त्या म्हणाल्या. “उलथनं फिरवलं का हाताले कळते, पाक किती दाट झाला. बोट घाला लागत नाही. त्याचं ते चमकनारं म्हंजे उलथनंच न?”

मी मान हलवली. मला हे कळायला पाऊण मैल चिखल तुडवावा लागला होता.

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीतल्या सुनेलाही ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या,

“मले समजलं असतं न रे!”